एका पायावरचा बगळा

लिफ्टमध्ये मला कुणीतरी सरकून जागा करून दिली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की अंगातला शर्ट माझा नाही. ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसच्या टॉवरला सहा लिफ्ट आहेत आणि त्यांतल्या एकाही लिफ्टमध्ये तीन वर्षांत माझ्यासाठी कुणी सरकलेलं नव्हतं. मी शिरतो तो बाजूने, पोट आत घेऊन, गच्च कपाटात आणखी एक फाईल सारावी तसा. त्या रविवारी सकाळी मात्र सुटातला एक उंच माणूस अर्धं पाऊल मागे झाला. अर्धं पाऊल म्हणजे फार नाही, पण ज्याला कधीच काही मिळालेलं नाही त्याला अर्ध्या पावलाचा आवाजसुद्धा ऐकू येतो. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, छातीकडे बघत होता. चहा सांडलाय की काय म्हणून मीही खाली पाहिलं. चहा नव्हता. बगळा होता. आणि तो एका पायावर उभा होता.

या बगळ्याचं नीट सांगायला हवं. एका परदेशी कंपनीच्या शर्टांवर डाव्या छातीला नखाएवढा बगळा भरलेला असतो, पांढऱ्या दोऱ्याने, एक पाय दुमडून ध्यानाला बसल्यासारखा. तो ज्याच्या छातीवर असतो त्याने आयुष्यात बरंच काही केलेलं असतं, किंवा त्याच्या वडलांनी तरी केलेलं असतं. माझ्याकडेही तसा एक फिकट निळा शर्ट होता. मुग्धाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या वाढदिवसाला पुण्यातल्या फुटपाथवरून घेतलेला. फरक एवढाच की माझ्या बगळ्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. नक्कल करणाऱ्या कारागिराला बहुधा त्या पक्ष्याची दया आली असावी. दोन वर्षं मी तो दोन पायांचा बगळा छातीवर घेऊन हिंडलो, छातीसमोर लॅपटॉप धरून, पाय दिसणार नाहीत अशा बेताने. आमची आठ वर्षांची नूपुर एकदा त्याच्यावर बोट ठेवून म्हणाली होती, "बाबा, युअर बर्ड इज टायर्ड." त्यावर मुग्धा म्हणाली होती, "टायर्ड नाही गं, तो आपल्यासारखा रांगेत उभा आहे."

म्हणजे त्या रविवारी माझ्या अंगात दुसऱ्याचा शर्ट होता, आणि तो कसा आला ते मला बाराव्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर आठवलं. अल मलाझमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीखाली लाँड्री आहे. ती जमालुद्दीन चालवतो. चालवतो म्हणजे धुतो, इस्त्री करतो, घरपोच देतो आणि चूक झाली की शिव्या खातो. दुकान त्याच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा आहे त्या अरब मालकाचं आहे. जमालुद्दीन बांगलादेशचा, पन्नाशीचा, दाढी अर्धी मेंदीने रंगवलेली. शनिवारी मी खाली गेलो तेव्हा तो असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाला निघाला होता. म्हणाला, "सर, आप खुद उठा लो ना. कॉलर में नंबर लिखा है, फ्लैट का." एरवी तोच वर आणून द्यायचा, त्यामुळे कॉलरच्या आत काय लिहिलंय ते मी कधी निरखून पाहिलंच नव्हतं. मांडणीवर दोन निळे शर्ट घड्या घालून ठेवलेले. एकाच्या कॉलरमध्ये धुऊन धुऊन पुसटलेलं, मोडक्या छत्रीसारखं काहीतरी, दुसऱ्याच्या कॉलरमध्ये स्वच्छ, गोलगरगरीत आठ. माझा फ्लॅट आठ. मी आठ उचलला.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा मी शर्ट परत करायचं ठरवलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे. बाराव्या मजल्यावर पाऊल ठेवताना मी प्रामाणिक माणूस होतो.

मग अरवा भेटली. अरवा माझ्या मॅनेजरची मॅनेजर, वयाने माझ्याएवढीच, उघड्या अबायाखाली पांढरे बूट घालून कॉरिडॉरमधून अशी चालायची की बाजूच्या खोल्यांतली माणसं उगाच टाईप करायला लागायची. तिने मला थांबवलं. बघितलं. कुठे बघितलं ते मला सांगता येणार नाही; मला वाटलं छातीकडे, पण तेव्हा मला सगळं जगच माझ्या छातीकडे बघतंय असं वाटत होतं. "तू नवीन आहेस?" तिने इंग्रजीत विचारलं. मी म्हणालो, "हो." तीन वर्षं झाली होती. "एकच्या मीटिंगला ये. मंत्रालयाची माणसं आहेत. कुणीतरी ठीकठाक दिसणारं हवंय." आमच्या कन्सल्टन्सीत माझं काम दुसऱ्यांनी केलेल्या स्लाइडवरचे बाण सरळ करणं. मी केलेले बाण मीटिंगला जायचे, मी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. बाण कुठून कुठे जातो एवढंच मला विचारलं गेलं आणि मी ते सांगितलं. समोर पाच माणसं पांढऱ्याशुभ्र, पायघोळ अरबी थोबमध्ये बसली होती, आणि त्यांच्या अंगावर कशाचीच छाप नव्हती. ना पक्षी, ना प्राणी. तेव्हा मला या शहराचा नियम कळला, जो इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता: छाप जितकी मोठी तितका माणूस लहान. रस्ता खणणाऱ्या मजुराच्या पाठीवर अख्खी कंपनी, फोन नंबरासकट. इंजिनियरच्या छातीवर नखाएवढा पक्षी. आणि ज्याची कंपनी, त्याच्या अंगावर काही नाही. त्याला काय सांगायचंय ते त्याच्या कॉलरची शिलाई दबक्या आवाजात सांगते, आणि ते ऐकू येण्यासाठी आपणही त्याच उंचीचं असावं लागतं.

बाबांकडे एक जॅकेट होतं. सातपूरच्या कारखान्याने दिवाळीला दिलेलं, गडद निळं, छातीवर पिवळ्या दोऱ्याने कारखान्याचं दातेरी चाक. बाबा ते लग्नांना घालायचे. मे महिन्यातल्या लग्नांनासुद्धा. घामाने निथळत पंगतीत बसायचे आणि कुणी विचारलं की "काय, कंपनीचं?", तर "हो, परमनंट लोकांनाच दिलं," असं जिलबीचा तुकडा मोडावा तसं हळूच सांगायचे. मग कारखाना बंद पडला. एका दुपारी मी शाळेतून आलो तर बाबा दारात बसून ब्लेडने ते चाक उसवत होते. एकेक टाका. सगळा दोरा निघाला तेव्हा दिसलं की जॅकेट विटलं आहे, आणि जिथे चाक होतं तेवढं कापड मात्र अजून नवंकोरं, गडद. आधी पिवळं चाक होतं, आता निळ्यावर निळं चाक दिसायला लागलं, उलट जास्तच उठून. बाबांनी जॅकेट दोन्ही हातांनी समोर धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जात नाही रे." पुढे त्यांनी ते कधी घातलं नाही, टाकलंही नाही. मीटिंगमध्ये बाण कुठे जातो ते सांगताना मला हे का आठवत होतं कोण जाणे. एसी जोरात होता आणि माझी पाठ ओली झाली होती.

संध्याकाळी जमालुद्दीनचा फोन आला. "सर, आप कल चार नंबर का शर्ट ले गया. डॉक्टर साब का. आपका इधर पड़ा है." मी म्हटलं, कॉलरमध्ये आठ लिहिलंय. तो हसला. त्याच्या हसण्यात वर्षानुवर्षांची सवय होती, ही चूक त्याच्या बाबतीत नेहमी होत असणार. "सर, वो चार है. बांग्ला में चार ऐसा लिखते, आपका इंग्रेजी आठ के माफिक दिखता. हमारा आठ अलग होता, छाता के माफिक." म्हणजे दोन वर्षं माझ्या कॉलरमध्ये जी मोडकी छत्री होती ती मी होतो. मला तेव्हा फक्त एवढंच म्हणायचं होतं: अरे हो का, आणून देतो. पाच शब्द. ते माझ्या तोंडात तयारही होते. पण मी तेव्हा टॅक्सीत होतो, आणि अरवाने मला मंगळवारच्या मीटिंगलाही बोलावलं होतं, आणि टॅक्सीवाल्याने मला एकदाही 'भाई' न म्हणता 'सर' म्हटलं होतं. मी म्हणालो, "नाही जमालुद्दीन, मी माझाच नेला." मग तो म्हणाला, "सर, एक बार घर जाके देखो ना. कभी कभी होता है." मी "बघतो" म्हणालो. बघायचं काय होतं, शर्ट माझ्याबरोबरच टॅक्सीत बसला होता.

मुग्धाने दारातच पाय मोजले. "एक?"

"लाँड्रीत बदलला. चार नंबरच्या डॉक्टरांचा आहे."

"मग दे ना नेऊन. जिना उतरून तर जायचंय."

"उद्या देतो."

"आज काय झालंय?"

"आज मळलाय. घामाचा शर्ट कसा देऊ?"

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी मी तो घरीच धुतला, बाथरूममध्ये, दार लावून, आणि मंगळवारी पुन्हा घातला. तिने पुन्हा पाय मोजले. आमच्या घरात भांडण व्हायचं असलं की भांडी वाजतात. त्या दिवशी भांडी वाजली नाहीत, आणि मला ते जास्त वाईट वाटलं. "माझा कुठे आहे?" एवढं तिने रात्री विचारलं. माझा म्हणजे तिने घेतलेला. मी म्हटलं, "लाँड्रीत." ती म्हणाली, "म्हणजे तो तिथे टाकून आलास."

चार नंबरचे डॉक्टर रत्नाकर सरकारी इस्पितळात हृदयाचे डॉक्टर आहेत आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळात हृदयाच्या डॉक्टरला अध्यक्ष करण्यामागे दूरदृष्टी आहे, असं मी एकदा म्हणालो होतो, आणि कुणी हसलं नव्हतं. उंच नाहीत, जाड नाहीत, माझ्याच मापाचे. देवाने आम्हा दोघांच्या बाबतीत केलेली ही एवढीच समानता. तो शर्ट त्यांना त्यांच्या मुलीने, सुखदाने, पहिल्या पगारातून पाठवला होता. एकदाच घातला होता, मग लाँड्रीला टाकला. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, गुरुवारी, जिन्यात, मी ऑफिसातून येत असताना. मी तेव्हा जॅकेट घातलं होतं आणि त्याची चेन गळ्यापर्यंत ओढली होती. एप्रिल संपत आला होता आणि बाहेर अडतीस होतं. गेले दोन दिवस मी टॅक्सीतून उतरल्यापासून घराच्या दारापर्यंत हिवाळा पाळत होतो. "चला जरा खाली," डॉक्टर म्हणाले, "त्या लाँड्रीवाल्याचा मालक आलाय. मला खरं तर हे काही नको होतं हो. मी फक्त शर्ट विचारला. पण तो जमालुद्दीन तुमचं नाव घेतोय, म्हणे आठ नंबरवाले मला ओळखतात."

दुकानात वाफेचा वास होता. लहानपणापासून मला हा वास स्वच्छ वाटत आलेला, त्या दिवशी तो कुणीतरी तोंडावर श्वास सोडावा तसा वाटला. कफील स्टुलावर बसला होता. दमलेला, साधा माणूस, हातात गाडीची किल्ली. काउंटरवर माझा शर्ट पसरून ठेवला होता. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा असलेला बगळा ट्यूबलाइटखाली इतका उघडा पडला होता की मला त्याच्यावर काहीतरी झाकावंसं वाटलं. डॉक्टर हलक्या आवाजात मला सांगत होते, "हा मिळाला, बघा. नकली आहे. म्हणजे खरा विकला आणि त्याच्या जागी हा ठेवला, असं मालक म्हणतोय. मी नाही म्हणत. पण दुसरं काय असणार?" कफीलने मला विचारलं, मोडक्या इंग्रजीत, की हा शर्ट इमारतीत कुणाचा आहे हे मला माहीत आहे का.

इथे मला 'माझा' म्हणायचं होतं. एक शब्द. तो म्हटला असता तर सगळी गाठ सुटत होती: हा नकली माझा, तो खरा माझ्या अंगावर, जमालुद्दीनचा चार, माझा आठ. पण त्यासाठी डॉक्टरांच्या देखत, मंडळाच्या अध्यक्षांच्या देखत, त्या दोन पायांच्या पक्ष्याकडे बोट दाखवून म्हणावं लागलं असतं की हा मी. चोर ठरण्याची मला तितकी भीती वाटली नाही. चुकून नेला म्हणता आलं असतं, लोक समजून घेतात. नकली ठरण्यातून मात्र चुकून म्हणून सुटता येत नाही. मी शर्टाकडे पहिल्यांदाच पाहतो आहे असं पाहिलं आणि मान हलवली.

"अहो, एवढ्या उकाड्यात जॅकेट?" डॉक्टर म्हणाले.

"थोडा ताप आहे."

त्यांनी तिथल्या तिथे कपाळाला हात लावला. "ताप नाहीये."

"आतून आहे."

जमालुद्दीन इस्त्रीच्या टेबलामागे उभा होता. तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे नेमकं सांगायचं तर जॅकेटच्या गळ्यातून बोटभर वर आलेल्या निळ्या कॉलरकडे. ती त्याने स्वतः इस्त्री केलेली होती. हात लांब करून, कॉलर उलटी करून, स्वतःच्या अक्षरातला चार त्याला सगळ्यांना दाखवता आला असता. पंधरा वर्षं कॉलरी वाचून वाचून त्याला बहुधा एवढं कळलं होतं की कुठली कॉलर धरायची नसते. तो कफीलला म्हणाला, "गलती हमारा है. किसी ने गलती से लिया होगा, दे देगा." आणि मग माझ्याकडे बघून, एखाद्याला दार उघडून धरावं तसं, "सर हमको जानता है. सर से पूछो, हम कैसा आदमी."

कफील माझ्याकडे वळला. त्याने हिंदी-अरबी मिसळून साधा प्रश्न विचारला. त्याला खरंच उत्तर हवं होतं. हो म्हणालो असतो तर त्याने ते मानलं असतं, किल्ली खिशात टाकून तो घरी गेला असता. हा माणूस चांगला आहे का?

"मा अदरी," मी म्हणालो. माहीत नाही. मला येणाऱ्या दहा-बारा अरबी शब्दांतले दोन मी तिथे वापरले, आणि उच्चारही चांगला आला.

"खलास," कफील म्हणाला. चिडून नव्हे. खुरूज, म्हणजे परतीचा शेवटचा शिक्का, दोन दिवसांत लागेल असं त्याने जमालुद्दीनला सांगितलं, बिलाची तारीख सांगावी तसं. जमालुद्दीनने काउंटरखालून पाण्याची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. "पियो सर. बुखार में पानी पीना चाहिए." मी प्यालो.

डॉक्टर मला सोडायला तयार नव्हते. "आतून ताप म्हणजे काय? चला वर, बीपी बघतो." ते इतकं आपुलकीने म्हणाले की नाही म्हणणं म्हणजे कबुली झाली असती. त्यांच्या घरात उदबत्तीचा वास होता, सोफ्यावर पांढरी आच्छादनं. दमयंतीवहिनींनी कोकम सरबत आणलं. डॉक्टरांनी बीपीचा पट्टा बाहेर काढला आणि म्हणाले, "जॅकेट काढा." मी चेन खाली ओढली. ती एवढी लांब असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बगळा बाहेर आला, एका पायावर, अगदी निवांत. मी डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो. आता हे सगळं माझ्या हातून गेलं.

"अरे वा, तुमच्याकडेही आहे!" डॉक्टर वाकले, चष्मा वर केला, बारकाईने पाहिलं. "पायसुद्धा बरोबर एकच काढलाय. आजकाल हे डुप्लिकेटवाले काय हुबेहूब बनवतात नाही! दमयंती, बघ गं. अगदी आपल्यासारखा."

वहिनींनी बघितलं. "चांगलंय हो. कुठून घेतलात?"

मला हसू आलं की उलटी येत होती ते नक्की सांगता येत नाही, दोन्ही घशाच्या एकाच भागातून येतात. रविवारपासून मी समजत होतो की या पक्ष्याने मला वर उचललं आहे. इथे मीच त्याला खाली आणला होता. माझ्या छातीवर बसल्याबरोबर तो नकली झाला होता, आणि त्यासाठी त्याला दुसरा पायसुद्धा टेकावा लागला नव्हता. मग लिफ्टमधला तो अर्धं पाऊल का सरकला? कदाचित त्याला शिंक येत असेल. अरवाला खरंच कुणीतरी हवं होतं आणि कॉरिडॉरमध्ये मी होतो. हे सगळं कळायला एक सेकंद लागला, आणि त्या सेकंदात मी चिडलो, आणि चिडलो म्हणून खरं बोललो. "डॉक्टर, हा खरा आहे. हा तुमचाच आहे. सुखदाने पाठवलेला. मी नेला."

मी कॉलर ओढून उलटी केली. "हा बघा नंबर."

डॉक्टरांनी वाचला. "आठ. तुमचाच फ्लॅट की."

"हा चार आहे. बंगालीत चार असा लिहितात."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग त्यांचे डोळे भरून आले. हृदयाच्या डॉक्टरांचे डोळे इतक्या पटकन भरत असतील असं मला वाटलं नव्हतं. "इंद्रनील," ते म्हणाले, माझा हात धरून, "एका धोब्यासाठी तुम्ही चोरीचा आळ स्वतःवर घेताय? अहो, खाली मालकासमोर तुम्ही खोटी साक्ष दिली नाहीत, माहीत नाही म्हणालात, तेव्हाच मला तुमचं कौतुक वाटलं. आणि आता त्याला वाचवायला हे बंगाली आकडे! नका हो. चुकलाय तो, भोगू दे. पण मन मोठं आहे तुमचं."

जमालुद्दीन दोन मजले खाली होता. लिफ्ट चालू होती. त्याला वर आणून एक आकडा वाचायला सांगितला असता तर पाच मिनिटांत सगळं संपलं असतं. मी सरबत संपवलं. मी खरं बोललो होतो, आणि खरं बोलून झालेल्या माणसाच्या अंगात जी एक सुस्ती येते ती माझ्या अंगात आली होती. ऐकणाऱ्याने मानलं नाही तर बोलणाऱ्याचा काय दोष, असं मी स्वतःला म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "बीपी उत्तम आहे." मी जिन्याने वर गेलो.

शनिवारी सकाळी जमालुद्दीन निघाला. मी बाल्कनीतून पाहिलं, नूपुरच्या शाळेच्या गणवेशाला चिमटे लावता लावता. आता आम्ही कपडे घरीच धूत होतो. एरवी तो पाठीवर लाँड्रीचं नाव आणि फोन नंबर छापलेला पिवळा टी-शर्ट घालायचा. तो कफीलने परत घेतला असावा, दुसऱ्या माणसाला लागेल म्हणून. त्या दिवशी त्याच्या अंगात पांढरा सदरा होता, कडक इस्त्रीचा, पुढे मागे कोरा. शहराच्या नियमाने तो त्या सकाळी मालक दिसत होता. टॅक्सीवाल्याने स्वतः उतरून डिकी उघडली. जमालुद्दीनने एकदा वर पाहिलं. मी चिमटा तोंडात धरला होता, त्यामुळे काही बोलता आलं नाही.

मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा मेळावा त्यानंतरच्या शुक्रवारी होता, अल खर्जच्या रस्त्यावरच्या एका इस्तराहात. भाड्याने मिळणारी हिरवळ, पोहण्याचा हौद, मोठा हॉल, दीडशे मराठी माणसं आणि त्यांच्या छातीवर बसलेलं एक छोटं प्राणिसंग्रहालय. मी साधा पांढरा शर्ट घातला होता. दुपारच्या जेवणाआधी डॉक्टर माइकसमोर उभे राहिले. आपल्या मुलांना गोष्टीतली चांगली माणसं सांगावी लागतात, ते म्हणाले, पण एक चांगला माणूस आपल्यातच बसला आहे. ज्याने एका परक्या गरीब माणसाला वाचवण्यासाठी त्याचा गुन्हा आपल्या अंगावर ओढून घ्यायची तयारी दाखवली. माझं नाव घेतलं गेलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी इंद्रनील आहे का ते. नव्हता. मला पुढे नेलं. नारळ हातात दिला आणि खांद्यावर शाल घातली, मरून रंगाची, सोनेरी काठाची, खास पुण्याहून मागवलेली. दीडशे माणसं उभी राहिली. माझ्यासाठी दीडशे माणसं सरकली होती.

"दोन शब्द बोला," डॉक्टर म्हणाले.

माइक गरम होता. पुढच्या रांगेत मुग्धा बसली होती, मांडीवर हात ठेवून. ती टाळ्या वाजवत नव्हती आणि ते माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं. बाजूला नूपुर मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होती. सगळं सांगायला दोन शब्द पुरेसे नव्हते, पण सुरुवात करायला पुरेसे होते. लोक थांबले होते. पहिल्या वेळी माझं कुणी ऐकलं नव्हतं. या वेळी ऐकलं असतं. दीडशे माणसांसमोर, मुलीच्या कॅमेऱ्यासमोर, नाव घेऊन सांगितलं असतं तर डॉक्टरांनाही ते खोटं पाडता आलं नसतं. कुणीतरी कफीलला फोन केला असता. जमालुद्दीनला कुणीतरी शोधलं असतं.

"मी फक्त माझं कर्तव्य केलं," मी म्हणालो.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. मग जेवण झालं. माणसं येऊन हात मिळवत होती, आणि अंगावरची शाल पानावर बसताना काढावी की नाही हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी ती तशीच ठेवून जेवलो. वरणात तिचा काठ बुडला. परत येताना गाडीच्या दोन्ही बाजूंना वाळू होती, उन्हात पांढरी पडलेली, कुणाचं नाव नसलेली. नूपुर मागच्या सीटवर झोपली. मुग्धाने माझ्या मांडीवरची शाल ओढून घेतली, वरणाचा डाग नखाने खरवडून पाहिला. तो गेला नाही. तिने शालीची व्यवस्थित घडी घातली, डाग आत जाईल अशी, आणि समोर रस्त्याकडे बघत मला विचारलं,

"ही धुवायला कुणाकडे टाकणार आहेस?"